उणे आणि अधिक

पाची बोटे सारखी नसतात, ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी असते. बहुधा ती समजूत घालण्यासाठी वापरली जाते. एका भावाने शेती वाढवली, दुसऱ्याला ती जमली नाही. एक मुलगी शाळेत पहिली आली, दुसरी मागे राहिली. अशा वेळी घरातले एखादे वडीलधारे माणूस ही म्हण उच्चारते आणि विषय तेथेच संपतो. परंतु या म्हणीत एक प्रश्न दडलेला आहे व त्याकडे सहसा कोणी वळत नाही. बोटे सारखी नाहीत हे खरे. मग त्यांचा एक हात कसा होतो? अंगठा आखूड आणि इतर बोटांच्या रांगेतून बाजूला पडलेला. करंगळी सर्वांत बारीक. तरीही भाकरीचा तुकडा मोडायचा असो, सुईत दोरा ओवायचा असो किंवा विळ्याची मूठ धरायची असो, त्या आखूड अंगठ्यावाचून उरलेल्या चार बोटांचे फारसे काही चालत नाही. अंगठाही इतरांसारखाच लांब आणि त्यांच्याच रांगेत असता, तर हाताला पकड आली नसती.

माणसांच्या समूहाविषयीही असेच म्हणता येईल का, हा या लेखाचा विषय आहे. माझे मत असे की, म्हणता येईल. मात्र काही अटींवर. त्या अटी नीट समजून घेतल्या नाहीत, तर हा सुंदर विचार अन्यायाचे हत्यारही होऊ शकतो. म्हणून थोडे सविस्तर पाहू.

आपल्यातील उणिवांकडे आपण साधारणतः दोन प्रकारांनी पाहतो. पहिला प्रकार लपवण्याचा. ज्याला वाचता येत नाही असा प्रौढ माणूस बँकेत पैसे भरण्याची चिठ्ठी हातात घेतो आणि शेजारच्याला म्हणतो, "चष्मा घरी राहिला, जरा एवढे लिहून द्याल का?" चष्मा घरीही नसतो. पण 'मला लिहिता येत नाही' या चार शब्दांपेक्षा चष्म्याचे निमित्त त्याला सोपे वाटते. दुसरा प्रकार याच्या अगदी उलट. काही माणसे आपल्या उणिवेलाच आपली ओळख करून टाकतात. 'आम्ही अडाणी माणसे, आम्हांला काय कळते,' असे म्हणून ती प्रत्येक चर्चेतून बाजूला होतात. सभेत मागे बसतात, मत विचारले तर हसून मान फिरवतात.

गुणांच्या बाबतीत तर आपली नजर आणखीच अधू असते. पेरणीपूर्वी मूठभर माती चिमटीत दाबून ओल किती आहे हे सांगणारा शेतकरी त्याला ज्ञान म्हणत नाही. वीस माणसांच्या स्वयंपाकाला पीठ किती लागेल हे न मोजता सांगणारी गृहिणी, 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाला, 'काही नाही, घरीच असते,' असे उत्तर देते. जे रोज करतो ते आपल्याला गुण वाटत नाही आणि जे इतरांना येते ते मात्र डोळ्यांत भरते. आपले उणे आणि अधिक या दोन्हींची खरी मोजदाद होत नाही, त्याचे कारण हे आहे.

या संदर्भात खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण मला नेहमीच महत्त्वाचे वाटते. जळगावजवळच्या असोदे या गावी १८८० साली त्यांचा जन्म झाला. लहान वयात त्यांचे लग्न झाले आणि तरुणपणीच वैधव्य आले. घर, शेत आणि मुले यांचा भार एकटीवर पडला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांना ओव्या सुचत आणि त्या आपल्या बोलीत त्या गात असत. सुगरणीचा खोपा, घरातले जाते, पेरणी, मळणी, माणसाचे चंचल मन हे त्यांच्या कवितेचे विषय. ही गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि मराठी वाचक थक्क झाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिच्या कवितेवर विद्यापीठात प्रबंध लिहिले जातात.

या हकिगतीत दोन गोष्टी एकत्र नांदताना दिसतात. कल्पनेची, निरीक्षणाची आणि भाषेची विलक्षण शक्ती बहिणाबाईंपाशी होती. ती शक्ती कागदावर उतरवण्याचे साधन मात्र नव्हते. ते साधन घरातल्या दुसऱ्या माणसांपाशी होते. आईचे अधिक आणि मुलाचे अधिक एकत्र आले, म्हणून ही कविता आपल्यापर्यंत पोहोचली. सोपानदेव स्वतः कवी होते. तरीही आईच्या बोलीतील शब्द टिपून ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. बहिणाबाईंचे नाव घेऊन, 'पाहा, शिक्षणावाचून काही अडत नाही,' असे म्हणणारे लोक भेटतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. घरात लिहिणारा कोणी नसता, तर ही गाणी त्यांच्या ओठांवरच विरून गेली असती. जात्यावर गाणाऱ्या किती स्त्रियांची गाणी अशी विरून गेली असतील, याची गणती कोणी केलेली नाही. त्यांची निरक्षरता हे भूषण नव्हते. ती त्यांना न मिळालेली संधी होती. निरक्षरता असूनही त्या थोर होत्या, निरक्षरतेमुळे नव्हे.

म्हणूनच 'आपल्या उणिवा स्वीकारा' एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या उणिवा, हे विचारले पाहिजे. माझ्या मते उणिवांचे तीन प्रकार करता येतात आणि प्रत्येकीशी वागण्याची रीत निराळी आहे.

पहिली उणीव शिकून भरून निघणारी. लिहिणे, वाचणे, हिशेब ठेवणे, चारचौघांत बोलणे, संगणक चालवणे या गोष्टी कोणत्याही वयात शिकता येतात. शाळेची वाट मध्येच सुटलेल्या माणसांसाठी, वयाची वरची अट न घालणारी मुक्त शिक्षणाची व्यवस्था उभी राहिली, ती याच विश्वासावर. अशी उणीव स्वीकारणे म्हणजे तिच्याशी कायमचा तह करणे नव्हे. ती कबूल करणे, एवढाच तेथे स्वीकाराचा अर्थ. जो चष्म्याचे निमित्त सांगतो त्याला कोणी शिकवू शकत नाही. जो 'मला येत नाही' असे म्हणतो त्याला शिकवणारा भेटतो. चाळिसाव्या वर्षी पाटी हाती घेणाऱ्या स्त्रीला आपल्या मुलीकडून अक्षर गिरवून घ्यावे लागले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. तीच मुलगी आईकडून गोधडीचा टाका शिकते, तेव्हा तिला कोठे लाज वाटते?

दुसरी उणीव अशी, की जी एकट्याने पूर्णपणे भरून काढता येत नाही किंवा त्यासाठी लागणारा काळ हाताशी नसतो. येथे सोबत्यांची गरज पडते. मुंबईचे डबेवाले याचे चांगले उदाहरण आहेत. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या आली. त्यांच्यातील बहुतेकांचे शिक्षण बेताचे. मुंबईसारख्या अफाट शहरात एखाद्याने शेकडो इमारतींचे पत्ते पाठ करून घरचा डबा कचेरीत पोहोचवायचा म्हटले, तर ते अशक्यच होते. त्यांनी एकेकट्याने ते करून पाहण्याचा अट्टाहास केला नाही. काम वाटून घेतले. एकाने घरोघरचे डबे गोळा करून स्टेशनावर आणायचे, दुसऱ्याने ते उतरण्याच्या स्टेशनांप्रमाणे निवडायचे, तिसऱ्याने लाकडी पाटीतून लोकलगाडीने न्यायचे, चौथ्याने कचेरीपर्यंत पोहोचवायचे. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे यांची एक खूण असते. डबा कोणत्या भागातून आला, कोणत्या स्टेशनावर उतरायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर जायचा, हे सारे त्या छोट्या खुणेत सामावते. लांबलचक पत्ता वाचण्याची अडचण होती. त्या अडचणीतूनच ही संक्षिप्त लिपी जन्मली.

या व्यवस्थेत आणखी एक शहाणपण आहे. गटातील माणूस आजारी पडला किंवा गावी गेला, तर त्याची जागा घेण्यासाठी गटात जादा माणसे ठेवलेली असतात. म्हणजे माणूस कधीतरी अडेल, थकेल, हे आधीच गृहीत धरले आहे. कोणी कधी कमी पडणारच नाही अशा समजुतीवर उभी केलेली व्यवस्था पहिल्याच अडचणीला कोसळते. २०२० च्या टाळेबंदीने कचेऱ्या बंद पडल्या आणि या व्यवसायाला मोठी ओहोटी लागली, हे खरे आहे. परंतु बेताचे शिक्षण असलेल्या माणसांनी एकमेकांच्या आधाराने शतकाहून अधिक काळ जे करून दाखवले, त्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

तिसरी उणीव सर्वांत कठीण. कारण ती त्या माणसात नसतेच. ती इतरांनी त्याच्यावर लादलेली असते. वारकरी संतांच्या मेळ्याकडे पाहा. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार, दासी म्हणून राबणारी जनाबाई. या मंडळींनी आपापल्या धंद्याची भाषा भक्तीत आणली. मळा, मडके, कातर, सोने, जाते हे शब्द अभंगात आले आणि मराठी भाषा श्रीमंत झाली. सर्वांनी एकाच साच्याची, पोथीतली भाषा वापरली असती, तर एवढी विविधता आलीच नसती. अनेकांचे वेगळेपण एकत्र आल्याने समूह कसा संपन्न होतो, याचे हे उदाहरण आहे.

पण याच मेळ्यात चोखोबा होते. त्यांचा अभंग सर्वांना चालत होता. ते स्वतः मात्र देवळाच्या दाराबाहेर उभे होते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना ते भिंतीखाली गाडले गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि त्यांची समाधी देवळाच्या महाद्वारासमोर झाली, असे परंपरा सांगते. दाराच्या आत त्यांच्या समाजाला जागा मिळायला त्यानंतर सहाशे वर्षे जावी लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कोठे ते दार सर्वांसाठी उघडले. चोखोबांच्या ठायी कोणते उणे होते? कोणतेही नव्हते. जे उणे होते ते दार लावणाऱ्यांच्या ठायी होते. अशी लादलेली उणीव स्वीकारायची नसते. तिला नकार द्यायचा असतो. आणि तो नकार ज्याच्यावर ती लादली आहे त्याने एकट्यानेच द्यावा, अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. साने गुरुजींना कोणी दाराबाहेर ठेवले नव्हते. तरीही ते उपोषणाला बसले.

येथे आपल्याला आरंभीच्या म्हणीची मर्यादाही दिसते. हाताची बोटे आपली जागा बदलू शकत नाहीत. अंगठा अंगठाच राहतो. माणसांचे तसे नाही. 'प्रत्येकाचे काम ठरलेले आहे, ज्याने त्याने आपापल्या जागी राहावे, त्यातच सर्वांचे भले आहे,' हा युक्तिवाद आपल्या देशात शतकानुशतके केला गेला आणि त्याच्या आधारे कोट्यवधी माणसांना विद्येपासून दूर ठेवले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या विषयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात हा युक्तिवाद खोडून काढला. जन्मावरून कामे ठरवून दिल्याने श्रम वाटले जात नाहीत, श्रम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात, हे त्यांनी दाखवून दिले. डबेवाल्यांची कामाची वाटणी आणि जातीची वाटणी यांत हाच फरक आहे. पहिली सोयीसाठी आपण होऊन केलेली, उद्या बदलता येण्याजोगी. दुसरी जन्माबरोबर चिकटलेली आणि उच्चनीच ठरवणारी. 'उणे-अधिक' हा विचार पहिलीच्या बाजूने आहे. ज्या समूहात माणसाला आपले काम बदलण्याची, नवे शिकण्याची मोकळीक नाही, तेथे 'आपल्या मर्यादा ओळखा' असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

उणिवांचे हे तिन्ही प्रकार एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा गावाजवळच्या आनंदवनाकडे पाहावे. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी कुष्ठरुग्णांसाठी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. पुढे खडकाळ, झुडपी माळरानावर मूठभर रुग्णांना घेऊन आनंदवन उभे राहू लागले. कुष्ठरोग हा जंतूंमुळे होणारा आणि औषधाने बरा होणारा रोग आहे. पण त्या काळी रोग बरा झाला तरी माणूस घरी परतू शकत नसे. घरचेच त्याला दूर लोटत. रोगाने हातापायांची बोटे झिजत, ही एक उणीव. समाजाने माणूसपण नाकारले, ही दुसरी आणि अधिक मोठी. आनंदवनात या माणसांनी विहिरी खणल्या, माळ पिकवला, घरे बांधली. सुतारकाम, विणकाम, छपाई असे उद्योग शिकून घेतले. पुढे तेथे अंध, कर्णबधिर आणि अपंग व्यक्तीही राहू लागल्या, शिकू लागल्या. कोणापाशी काय नाही याची यादी करत न बसता, ज्याच्यापाशी जे आहे ते कामाला लावायचे, अशी तेथील रीत. १९६० च्या दशकात तेथेच आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. आनंदवनातील हातांनी ते उभारले आणि परिसरातील गावांची मुले तेथे शिकू लागली. ज्या समाजाने त्यांना बाहेर काढले, त्याच समाजाच्या मुलांसाठी त्यांनी विद्येचे दार उघडले.

खुद्द बाबांना मणक्याच्या दुखण्याने पुढे बसता येत नसे. एकतर उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे. अशा अवस्थेत त्यांनी १९८५ साली कन्याकुमारी ते काश्मीर अशी 'भारत जोडो' यात्रा काढली. तरुण मुलेमुली सायकलींवर होत्या आणि बाबा सोबतच्या गाडीत आडवे होऊन प्रवास करत होते. सायकल चालवणारे पाय तरुणांचे, दिशा दाखवणारा अनुभव बाबांचा. आपल्याला बसता येत नाही हे बाबांनी लपवले नाही आणि म्हणून यात्रा रद्दही केली नाही.

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की उणीव मान्य करून दुसऱ्याचा आधार घेण्याची सवय लागली तर माणूस आळशी होईल, परावलंबी होईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु परावलंबन आणि परस्परावलंबन यांत अंतर आहे. परावलंबी माणूस फक्त घेतो. परस्परावलंबी माणूस घेतो तसा देतोही, आणि आपण काय देऊ शकतो याचा शोध घेत राहतो. शिवाय पूर्ण स्वावलंबी असा माणूस जगात आहे तरी कोठे? आपण घालतो तो सदरा, खातो ती भाकरी, वाचतो ते पुस्तक यांत किती अनोळखी हातांचे श्रम आहेत, याचा क्षणभर विचार केला तरी हे ध्यानात येईल.

दुसरा आक्षेप गुणवंतांच्या बाजूने येतो. ज्याच्यापाशी अधिक आहे त्याने ते इतरांसाठी का खर्च करावे? याला माझे उत्तर असे, की एकट्यापुरता ठेवलेला गुण फार काळ वाढत नाही. गळा गोड असलेल्या माणसाला ऐकणारे हवेत. हिशेबात चोख असलेल्याला बचत गटाची वही मिळाली, तरच त्याची चोखाई दिसते. गाव करी ते राव न करी, असे आपले पूर्वज म्हणत. मात्र गुण देताना उपकाराची भाषा आली, की घेणारा दुखावतो आणि देणाराही लहान होतो, हे विसरू नये.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. एक कोरा कागद घ्यावा आणि मध्ये उभी रेघ ओढावी. एका बाजूला आपले उणे लिहावे, दुसऱ्या बाजूला आपले अधिक. प्रत्येक उण्यापुढे ते शिकून भरणारे आहे, सोबतीने भरणारे आहे, की कोणी लादलेले आहे, हेही लिहावे. पहिल्यासाठी अभ्यासाची वेळ ठरवावी. दुसऱ्यासाठी कोणाला विचारायचे त्याचे नाव लिहावे. तिसऱ्यावर काट मारावी आणि आपल्यासारखीच काट ज्यांना मारायची आहे अशी माणसे शोधावीत. अधिकाची बाजू रिकामी राहिली, तर घाई करू नये. तो कागद घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या विश्वासाच्या माणसापुढे ठेवावा आणि तेथे काय लिहिता येईल, हे त्याला विचारावे. ज्यांना अजून नीट लिहिता येत नसेल, त्यांनी तोंडाने सांगावे आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यावे. सोपानदेवांनी आपल्या आईसाठी तेच केले होते.